शंभर वर्षांचा पूर आणि दहा ओळींचा पायथन

(नाशिकमधल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि पावसात भिजत आलेले नाशिककर,

पत्रिकेवर 'प्रोग्रॅमिंगच्या मदतीने संख्याशास्त्र' असं वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एक तर तुमची जिद्द दांडगी, नाहीतर बाहेर पाऊस जास्त आहे.

माझं म्हणणं एवढंच, की संभाव्यता शिकवताना सूत्र शेवटी यावं. आधी पोरांनी कॉम्प्युटरकडून हजारो वेळा फासा टाकून घ्यावा, उत्तराचा अंदाज बांधावा, आणि मग सूत्र मागावं. हे डोक्यात कसं बसलं ते सांगतो.

भाचीला गंगेकाठी, म्हणजे आपल्या गोदावरीच्या काठी, फ्लॅट घ्यायचा होता. "मामा, तुम्ही चला, तुम्ही खोट काढता." गेलो. बिल्डरचा माणूस गोड. म्हणाला, "काका, २००८ ला मोठा पूर येऊन गेला. असला पूर शंभर वर्षांतून एकदाच. आता २१०८ पर्यंत निवांत!" मी विचारलं, "आणि २०१९?" तो म्हणाला, "तो वेगळा."

(हशा)

हसू नका, आपणही तेच बोलतो. आपल्याकडे पूर मोजायचं माप म्हणजे नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती, पाणी तिच्या कुठवर आलं ते बघायचं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे बातमीत ऐकायचं आणि शेजाऱ्याला विचारायचं, "कमरेला लागलं का?" एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हे किती जणांना ठाऊक असेल? कंबर मात्र सगळ्यांना कळते. माझी त्याला हरकत नाही. उलट इतका सोपा आलेख दुसऱ्या कुठल्या शहरात नदीपात्रात उभा आहे, सांगा.

तर, भाचीचा मुलगा सोबत होता. दहावीला, संभाव्यतेच्या धड्यात पैकीच्या पैकी. म्हटलं, "काय रे, हे काका बरोबर बोलतायत का?" तो म्हणाला, "आजोबा, यात पत्ते कुठेत?" ही माझी जुनी तक्रार. ज्या घरात पत्त्यांना हात लावला की पाठीत धपाटा, त्याच घरातल्या पोराला परीक्षेत विचारायचं, काळ्या राण्या किती! छापा-काटा, फासा, पत्ते. धडा संपला की संभाव्यता संपली. पूर, पीकविमा, तपासणीचा रिपोर्ट यांचा त्या धड्याशी संबंध आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

मग तिथंच लॅपटॉप उघडला. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शक्यता शंभरात एक, ०.०१. दर वर्षासाठी ० ते १ मधला एक रँडम आकडा मागायचा, तो ०.०१ पेक्षा लहान आला तर त्या वर्षी पूर. गृहकर्ज ३० वर्षांचं, म्हणून ३० वर्षं चालवायचं. आणि अशी ३० वर्षं दहा हजार वेळा. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दहा-बारा ओळींचं काम, पोरानंच टाइप केलं. सुमारे २,६०० वेळा कर्ज फिटायच्या आत पूर आला. पोरगा गप्प. मग म्हणाला, "आजोबा, हे सूत्रानं येतं का?" येतं की: १ मधून ०.९९ चा ३० वा घात वजा करा, २६ टक्के. पण प्रश्न त्याच्या तोंडून आला, हे महत्त्वाचं. पुढं त्यानं स्वतःच ३० च्या जागी १०० घातले. शंभरातली साधारण ३७ शतकं कोरडी, आणि २६ शतकांत दोन किंवा जास्त पूर! गेल्या वर्षी काय झालं हे नदीच्या लक्षात राहत नाही, हे त्याला तेव्हा पटलं. बिल्डरचा माणूस म्हणाला, "काका, तुमचा कॉम्प्युटर निगेटिव्ह आहे. आणि पाणी आलं तरी पार्किंगपर्यंतच." दुसरा मुद्दा बिनतोड होता.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं! आणि मुख्य विषय राहिलाय. बरं, पळतो.

ही पद्धत माझी नव्हे. १९४६ साली उलाम नावाचा गणिती आजारातून उठताना एकट्यानं पत्ते खेळत होता. डाव सुटण्याची शक्यता हिशेबानं काढणं किचकट, तर शंभर डाव खेळून मोजावं, असं त्याच्या मनात आलं. त्यातूनच माँटे कार्लो पद्धत. पत्त्यांवरचा माझा राग एवढ्यापुरता मागे.

किती वेळा चालवायचं? चार वेळा फासा टाकून एकदा तरी सहा पडण्याची शक्यता ५१.८ टक्के, दोन फासे २४ वेळा टाकून एकदा तरी दोन्ही सहा, ४९.१ टक्के. शंभर प्रयोगांत हा फरक दिसणार नाही, लाखात दिसेल. अचूकता प्रयोगांच्या संख्येच्या वर्गमुळानं वाढते. ती दहापट हवी तर प्रयोग शंभरपट, हे पोरांना पडद्यावर दिसतं.

आणि तो ०.०१ कुठून आला? जुन्या नोंदींवरून. नोंदी चाळीस वर्षांच्या असतील तर त्यांच्याच चिठ्ठ्या करायच्या, एक उचलायची, लिहून परत टाकायची, पुन्हा उचलायची, चाळीस होईपर्यंत. अशा हजार याद्या करून दर वेळी नवा अंदाज काढायचा. या पद्धतीचं नाव बूटस्ट्रॅप, एफ्रन या संख्याशास्त्रज्ञाची, १९७९ ची. मग कळतं, की उत्तर एक टक्का नसून एक पट्टा आहे, आणि चांगलाच रुंद. त्यात धरणाआधीची नदी आणि नंतरची नदी एक नव्हे, काठावरचं काँक्रीटही वाढलंय. हे कॉम्प्युटर आपणहून विचारत नाही, आपण सांगावं लागतं.

दोन प्रश्न घेता येतील, असं संयोजक म्हणतायत. फ्लॅट घेतला का, हा सोडून विचारा.