बादगीर आणि पडवी

(रत्नागिरीतल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नागपूरला मेहुण्याकडे एकदा मे महिन्यात कूलरसमोर चादर पांघरून झोपलो आणि परत येताच तसाच कूलर घेतला. तिसऱ्या दिवशी बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं. आठवड्याने आईने डब्यातला पापड माझ्यासमोर वाकवून दाखवला; मोडेचना. कूलर मांगरात, म्हणजे अडगळीच्या खोपटात गेला, अजून तिथेच आहे.

दोष कूलरचा नव्हता. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाणी उडालं की साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी! पण त्यासाठी हवा तहानलेली हवी. 42 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असलेल्या वाळवंटी दुपारी तापमापकाला ओलं फडकं गुंडाळा, पारा 22 च्या आसपास उतरतो. आपल्याकडे 33 अंश आणि 75 टक्क्यांना तो 29 वर अडतो. त्याच्या खाली कूलर हवेला नेऊच शकत नाही.

आता इराणमधलं यझ्द बघा. तिथे घरांवर मातीचे उंच मनोरे असतात, त्यांना बादगीर म्हणतात. दौलताबाद बागेतला तर सुमारे 33 मीटर उंच, म्हणजे दहा मजली इमारतीएवढा. उंचावरचा वारा वेगाचा आणि कमी धुळीचा. तो मनोऱ्यातून खाली उतरतो, काही ठिकाणी हौदावरून फिरून खोलीत येतो. वारा पडला की उन्हाने तापलेला मनोरा उलट काम करतो, घरातली गरम हवा वर खेचून घेतो. सिंधमधल्या हैदराबादेत असेच झरोके छपराछपरावर होते, सगळ्यांची तोंडं नैर्ऋत्येला, कारण उन्हाळ्यातला वारा तिकडूनच यायचा.

पण नुसत्या मनोऱ्याने घर गार राहत नाही. खरी मेहनत भिंतीची. हातभर जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि वाळवंटातली रात्र दिवसापेक्षा पंधरा-वीस अंशांनी गार. निरभ्र आकाशाखाली भिंती निवतात, माणसं गच्चीवर झोपतात, आणि सकाळी ऊन चढायच्या आत दारं-खिडक्या बंद. रात्रीचा गारवा दिवसभर पुरवून वापरायचा.

आपल्याकडे मेमध्ये दिवसरात्रीत फरक सात-आठ अंशांचा. साठवायला गारवा आहेच कुठे? आपल्याला गार करतो तो अंगावरचा घाम वाळवणारा वारा. म्हणून आपल्या जुन्या घराची पुढची आणि मागची दारं एका रेषेत. पडवी चिऱ्याच्या भिंतीवर ऊन पडू देत नाही. मंगलोरी कौलांच्या फटींतून तापलेली हवा बाहेर पडते. दुपारी खारे वारे, पहाटे मतलई, दोघांनाही वाट मोकळी. अंगणात माडाच्या झापांचा मांडव, तोही पावसाच्या तोंडावर काढायचा.

मागे एक गृहस्थ आले. समुद्रापासून दोन शेतांवर होमस्टे, आणि त्यावर बादगीर हवा. पर्यटकांना फोटो काढायला आवडेल म्हणे. मी म्हटलं, हौशीने बांधा, पण जुलैमध्ये त्यातून पाऊस थेट गादीवर येईल. बांधला नाही. मात्र स्लॅब घातला, सरकत्या काचा लावल्या, पडवी गाळून खर्च वाचवला. म्हणजे वाळवंटासारखं बंद घर, पण वाळवंटातली थंड रात्र नाही. रात्री दहाला त्या स्लॅबखाली पडून बघा, तवा अजून उतरवलेला नसतो.

आता प्रश्न येणार, स्लॅब पडलाय त्यांनी काय करायचं? गळतीला कंटाळून आपण वर पत्र्याची शेड घालतोच. ती जरा उंच घ्या, आणि तिच्या दोन्ही टोकांना वीट लावून खोली काढायचा मोह आवरा. ती टोकं उघडी राहिली तर स्लॅब सावलीत राहतो आणि पत्र्याखालची आग वाऱ्याबरोबर निघून जाते. पश्चिमेच्या भिंतीला पडवी जोडा. सरकत्या काचांची खिडकी नेहमी अर्धीच उघडते, त्याऐवजी दोन्ही दारं बाहेर उघडणारी खिडकी करा, समोरच्या भिंतीतही एक. सुतार म्हणेल, दोन-दोन कशाला. त्याचं ऐकू नका.