पिल्लू कासवाचा श्वास आणि त्याचं ऊन

श्रोते हो, नमस्कार.

घरी कासवाचं पिल्लू असलेली मंडळी दवाखान्यात आली की दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, 'डॉक्टर, आमचं कासव आवाज काढतं, त्याला काय होतंय?' आणि दुसरा, 'ते तासन्‌तास दगडावर चढून बसतं, आजारी तर नाही ना?' लोक हे प्रश्न वेगवेगळे विचारतात. मी मात्र आज ते एकत्रच घेणार आहे, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ऊब. कासवाचा आवाज ऐकला की आधी ते बसलंय कुठे आणि तिथे किती ऊब आहे ते बघा.

कासव कोणतं, हे आधी स्पष्ट करते. पुण्यातल्या घरांत काचेच्या टाकीत दिसतं ते बहुतेक वेळा डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. हे मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. काही घरांत सल्काटा हे आफ्रिकेतलं जमिनीवरचं कासवही असतं. त्याची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं आपलं तारा कासव मात्र घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. कोणी भेट दिलं असेल, 'लक्ष्मी येते' म्हणून आणलं असेल, तरीही. असं कासव घरात असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. गुपचूप तळ्यात किंवा टेकडीवर नेऊन सोडू नका. तारा कासव जमिनीवरचं आहे, पाण्यात टाकलं तर ते बुडून मरतं.

आता आवाजाकडे वळू. पिल्लू हातात उचललं की ते डोकं आणि पाय झटकन आत घेतं आणि त्याच क्षणी 'हिस्स' असा आवाज येतो. मुलं दचकतात, 'रागावलं' म्हणतात. कासवाचं कवच टणक, ते फुगत नाही आणि आकसतही नाही. फुप्फुसं असतात वर, पाठीच्या कवचाला लागून. डोकं, मान आणि चार पाय एकदम आत आले की फुप्फुसांवर दाब येतो आणि आतली हवा नाकातोंडातून बाहेर पडते. सायकलच्या पंपाचा दट्ट्या दाबल्यावर हवा सुटते, तसंच हे. ते घाबरलेलं असतं एवढं खरं, पण तो आवाज ठरवून काढलेला नसतो. पिल्लाला वरून पंजा मारल्यासारखं उचलण्याऐवजी बाजूनं, दोन्ही हातांत, पोटाखाली आधार देऊन उचललं तर काही दिवसांत हा आवाज कमी होतो.

काळजी करू नये असे आणखीही आवाज आहेत. खाताना चोचीसारखे जबडे एकमेकांवर घासतात, त्याची कुरकुर. रात्री टाकीच्या काचेवर नखांची खरवड. कवच दगडाला आपटल्याची टकटक. जमिनीवरच्या कासवाच्या नाकात माती गेली की एखादी बारीक शिट्टीही ऐकू येते. ती एकदोनदा येऊन थांबली तर सोडून द्या.

कासवं मुकी असतात असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. ते बरोबर नाही. २०२२ मध्ये झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी कासवांच्या पन्नास जातींचे आवाज ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केले. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या एका मोठ्या नदी-कासवाची पिल्लं तर अंड्यातून बाहेर यायच्या आधीच आवाज करतात, हेही नोंदवलं गेलंय. हे आवाज बरेचदा इतके खालच्या पट्टीतले आणि क्वचित येणारे असतात की घरात पंखा चालू असताना ते आपल्या कानावर पडणंच कठीण. म्हणून कासवाच्या प्रत्येक आवाजात दुखणं शोधू नये.

पण एक आवाज असा आहे की तो ऐकल्यावर मी रात्री अकरा वाजता आलेला फोनसुद्धा उचलते. पिल्लू शांत बसलेलं आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही आणि तरी प्रत्येक श्वासाबरोबर 'टिक', 'टिक' असं काहीतरी वाजतं. किंवा ओलसर घरघर येते. पंखा, टीव्ही, फिल्टरची मोटर सगळं बंद करा आणि पिल्लाला कानाजवळ धरा. पुढच्या पायांच्या मुळाशी, मानेच्या दोन्ही बाजूंना, मऊ त्वचेची खळगी आहे. श्वास चालू असताना ती हलकेच आतबाहेर होते. ती हालचाल आणि तो आवाज बरोबर जुळत असेल, तर आवाज फुप्फुसातून किंवा श्वासनलिकेतून येतोय. जोडीला नाकावर बुडबुडा, तोंड उघडून मान वर ताणून घेतलेला श्वास, सुजलेल्या मिटलेल्या पापण्या, यांतलं एकही दिसलं तर थांबू नका. पाण्यातलं कासव एका बाजूला कलून तरंगत असेल तर तीही मोठी खूण आहे. एका फुप्फुसात द्रव साठला की ती बाजू जड होते.

कासवाला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा, नाही. त्यामुळे त्याला खोकता येत नाही. आपण छातीतला कफ खोकून काढतो, त्याच्या फुप्फुसातला चिकट द्रव तिथेच राहतो. म्हणून आपल्याला साधी सर्दी वाटते ती पिल्लाच्या बाबतीत बघता बघता न्यूमोनिया होते. आणि ही सर्दी बहुतेक वेळा येते गारठ्यातून. कासव स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करून टिकवू शकत नाही. भोवतालचं तापमान उतरलं की त्याचं रक्ताभिसरण, पचन आणि रोगाशी लढणारी यंत्रणा, सगळंच मंदावतं.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. दगडावर बसलेलं निरोगी स्लायडर कधी नीट बघा. मान पूर्ण बाहेर, मागचे दोन्ही पाय मागे सरळ ताणलेले, बोटं पसरलेली, बोटांमधला पातळ पडदा उन्हात जवळजवळ पारदर्शक झालेला. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते मेलंय की काय असं वाटतं. ते ऊन खात असतं. शरीर तापवून घेतं, म्हणजे खाल्लेलं पचतं. कवच वाळतं, म्हणजे शेवाळ आणि बुरशी धरत नाही. आणि उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी हा भाग त्वचेवर पडून ड जीवनसत्त्व तयार होतं. त्याच्याशिवाय कॅल्शियम शरीरात मुरत नाही. मग वाढत्या पिल्लाचं कवच बोटानं दाबल्यावर दबू लागतं, जबडा लिबलिबीत होतो, पाय वाकतात. असं वाकडं झालेलं कवच पुन्हा पहिल्यासारखं कधीच होत नाही, म्हणून या बाबतीत मी कोणालाही सूट देत नाही.

'आमच्या खिडकीत भरपूर ऊन येतं' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. काच बंद असेल तर ऊब मिळते, ड जीवनसत्त्व मिळत नाही. दुसरं म्हणजे कोवळं ऊन. सकाळी सातचं ऊन शेकायला छान, पण सूर्य खाली असताना यूव्हीबी फार थोडा पोचतो. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड व्हायला लागली की तो पुरेसा मिळू लागतो. पुण्यात साधारण साडेनऊ-दहाच्या पुढे.

आणि तिथेच धोका सुरू होतो. एप्रिल-मे महिन्यांत कोथरूडच्या किंवा हडपसरच्या पश्चिमेकडच्या बाल्कनीत प्लॅस्टिकच्या टबातलं उथळ पाणी किती लवकर तापतं ते हात घालून बघा. पाच सेंटिमीटरचं पिल्लू अशा टबात काही मिनिटांत भाजून निघतं. त्याला बाहेर पडता येत नाही, सावलीत जाता येत नाही. अर्धा टब झाकलेला हवाच. वर जाळी हवी, कारण कावळे, घारी आणि शेजारचं मांजर हे तिघंही टपलेले असतात. तुम्ही समोर बसलेले असाल तेवढा वेळच पिल्लाला बाहेर ठेवायचं. फोन आला तर पिल्लू आत घेऊन मग फोनवर बोला.

डिसेंबर-जानेवारीत उलटी गोष्ट. पुण्याचा पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, पाण्याची टाकी गार पडते. पिल्लू खात नाही, हलत नाही आणि घरातले म्हणतात, 'थंडीत कासवं झोपतातच.' अमेरिकेतली मोठी स्लायडर हिवाळ्यात तळाशी सुस्त पडून राहतात हे खरं. पण चार महिन्यांचं, अंगात साठा नसलेलं पिल्लू फ्लॅटमध्ये असं पडलं तर ती झोप नव्हे. पाण्यासाठी माशांच्या टाकीचा हीटर लावून तापमान पंचवीस ते अठ्ठावीस अंश ठेवा आणि ऊन खायच्या दगडावर उबेचा दिवा लावून तीस ते पस्तीस. अंदाज नको, शे-दोनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर घ्या. टाकीच्या एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला थोडा गारवा हवा, म्हणजे कुठे जायचं ते पिल्लू स्वतः ठरवतं. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये आठवडा आठवडा ऊन दिसत नाही, तेव्हा यूव्हीबी देणारी, ट्यूबलाइटसारखी नळी लागतेच. ती दिसायला पेटलेली असली तरी तिच्यातला यूव्हीबी हळूहळू उतरतो, म्हणून सहा महिने ते वर्षभरात बदलायची.

इथे आवाज आणि ऊन एकत्र येतात. पिल्लू टिकटिकतंय, पण दिवसातून दोनचारदा दगडावर चढतं, तापतं, पाण्यात उतरतं, जेवतं. मग चोवीस तास नीट निरीक्षण करा, तापमान तपासा. पिल्लू टिकटिकतंय आणि दिव्याखालून हलतच नाही, जेवायलाही पाण्यात उतरत नाही. अशा वेळी ते आजाराशी झगडायला ऊब गोळा करत असतं, किंवा पाणी त्याला सोसवत नसतं. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. आणि आवाज काहीच नाही, पण पिल्लू कधीच वर चढत नाही, हेही मला खटकतं. बरेचदा कारण साधं निघतं. दगड निसरडा असतो, चढण उभी असते, दिवा फार जवळ असल्यानं दगड चटका देत असतो, किंवा टाकी येण्याजाण्याच्या वाटेवर असल्यानं पिल्लू भीतीनं पाण्यात उडी मारतं. खडबडीत कौलाचा तुकडा तिरका लावून बघा, टाकी कोपऱ्यात हलवा.

घरगुती उपाय कृपा करून करू नका. व्हिक्स नको, धुरी नको, माणसांचं सर्दीचं औषध चिमूटभरही नको. नुसती वाळलेली कोळंबी खाऊन वाढवलेल्या पिल्लांत अ जीवनसत्त्वाची कमतरता होते, डोळे सुजतात, श्वासमार्गाचं अस्तर बिघडतं. तिथे औषधाइतकाच आहारही बदलावा लागतो आणि ते तपासून ठरवायचं असतं. प्रतिजैविक दिलं तरी शरीर गार असेल तर ते नीट लागू पडत नाही. म्हणजे उपचार चालू असतानाही ऊब लागतेच.

कासवाला हात लावल्यावर साबणानं हात धुवा, मुलांनाही धुवायला लावा. माणसांना आजारी पाडणारा साल्मोनेला हा जिवाणू निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही असतो. याच कारणानं अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आहे. आणि मोठं झालेलं स्लायडर नको झालं म्हणून मुळा-मुठेत किंवा पाषाण तलावात सोडू नका. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर उपऱ्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ते आपल्या देशी कासवांच्या जागा आणि अन्न बळकावतं.

दवाखान्यात येताना पिल्लाला पाण्यात घालून आणू नका. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ओलसर, कोमट पंचा अंथरा आणि थंडीचे दिवस असतील तर बाहेरच्या बाजूला कोमट पाण्याची बाटली लावा. टाकीचा फोटो, दोन्ही टोकांच्या तापमानाची नोंद आणि आवाजाचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन या. टेबलावर ठेवलं की पिल्लू घाबरून श्वास रोखतं आणि नेमका तोच आवाज बंद होतो. घरी शांततेत घेतलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मला स्टेथोस्कोपपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

नमस्कार.