लिलावाचे 27 कोटी आणि रणजीचे दिवसाला 40 हजार

नमस्कार मंडळी! नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाला आयपीएलचा लिलाव झाला आणि लखनौने ऋषभ पंतसाठी 27 कोटी मोजले. हा आकडा आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण त्याच लिलावाच्या यादीत पावणेसहाशेच्या आसपास नावं होती, आणि त्यातली विकली गेली फक्त 182. बाकीच्यांचं घर कशावर चालतं? आज त्याबद्दल बोलूया.

आधी 27 कोटींचं पटकन सांगतो. ही रक्कम एका सीझनची असते. एवढ्या उत्पन्नावर सरचार्ज आणि सेस धरून 39 टक्क्यांच्या आसपास कर बसतो. तरीही रक्कम प्रचंडच उरते, त्यामुळे पंतची काळजी आपण करायला नको.

आता रणजीकडे, म्हणजे राज्यांच्या संघांच्या चार दिवसांच्या सामन्यांच्या स्पर्धेकडे या. बीसीसीआयने 2021 मध्ये ठरवलेले दर असे आहेत: 20 पर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला 40 हजार, 21 ते 40 सामन्यांना 50 हजार, आणि त्यापुढे 60 हजार. साखळीत सात सामने, प्रत्येकी चार दिवसांचे, म्हणजे 28 दिवस. नवा खेळाडू सगळेच्या सगळे खेळला तर 11 लाख 20 हजार होतात. विजय हजारे या एकदिवसीय स्पर्धेचे सात सामने त्याच दराने धरा, आणखी 2 लाख 80 हजार. मुश्ताक अली या टी-20 स्पर्धेत सामन्याला साडेसतरा हजार. सगळं मिळून वर्षाचे 15 लाखांच्या आसपास.

वाईट नाही, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण या हिशोबात ‘सगळे सामने खेळला तर’ ही अट आहे, आणि खरी गोम तिथेच आहे.

सामन्याच्या सकाळचा विचार करा. पंधरा-सोळा पोरं सराव करून, घामाघूम होऊन उभी आहेत. टॉसच्या आधी अंतिम अकराची यादी येते. यादीत नाव असेल तर दिवसाला 40 हजार. नसेल तर निम्मे, 20 हजार. बाराव्या-तेराव्या खेळाडूचे एका सामन्यात 80 हजार गेले. तो चार दिवस पाण्याच्या बाटल्या घेऊन पळतो, बदली फिल्डिंग करतो, नेटमध्ये बॉलिंग टाकतो. आणि संघातच नाव नसेल, किंवा ऑक्टोबरमध्ये हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेली असेल, तर त्या महिन्यांची मॅच फी शून्य. बॅट, बूट, फिजिओ, जिम हे खर्च मात्र चालूच राहतात.

हे किती नाजूक आहे ते करोनात दिसलं. 2020-21 ला रणजी झालीच नाही, 87 वर्षांत पहिल्यांदा. भरपाई जाहीर झाली ती सप्टेंबर 2021 मध्ये, तीही आधीच्या सीझनच्या मॅच फीच्या निम्मी. इतके महिने या मुलांनी कसे काढले असतील, याचा विचार करून मला आजही वाईट वाटतं.

पूर्वी मुंबईत याला एक आधार होता. बँका, टाटा, एअर इंडिया खेळाडूंना नोकऱ्या द्यायच्या, त्यांचे संघ टाइम्स शील्ड ही कंपन्यांच्या संघांची स्पर्धा खेळायचे. पगार पहिल्या तारखेला. ती खेळाडूंच्या कोट्यातली भरती आता आटलीय. रेल्वे आणि सेनादलाच्या खेळाडूंना पगार आहे, बाकीच्या बहुतेकांचं पोट मॅच फीवर.

मुंबई क्रिकेट असोसिएशनने 2024 मध्ये बीसीसीआयइतकीच मॅच फी स्वतःकडून द्यायचं ठरवलं, म्हणजे रक्कम दुप्पट. मनापासून अभिनंदन! पण तीही सामना खेळलात तरच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: स्थानिक खेळाडूंना वार्षिक करार हवेत. हिशोब करून बघा. रेल्वे आणि सेनादल सोडले तर रणजीत 36 संघ उरतात. प्रत्येकी 20 खेळाडूंना वर्षाला 6 लाख ठराविक दिले, दुखापत झाली तरी दिले, तर एकूण खर्च 43 कोटी 20 लाख. आणि 2023 ते 2027 चे आयपीएलचे प्रसारण हक्क गेलेत 48,390 कोटींना. एका सामन्यामागे साधारण 118 कोटी पडतात.

म्हणजे आयपीएलच्या एका रात्रीचे निम्मे पैसेसुद्धा लागत नाहीत.