एकच डूम, चार वेगळी म्युझिक: पोर्ट, मॉड आणि रिमिक्सबद्दल थोडं

आत्ता ज्या दोन क्लिप वाजवल्या त्या एकाच गेमच्या आहेत बरं का, कॅसलव्हेनिया ३. पहिली जपानी फॅमिकॉमवरची, म्हणजे निन्टेन्डोच्या कन्सोलवरची, १९८९ची, आणि दुसरी त्याच कन्सोलच्या अमेरिकन रूपावरची, एनईएसवरची, तिथे हा गेम पुढच्या वर्षी आला. चाल तीच आहे, पण पहिलीत खालून जो भरदार बेस येतो ना, तो दुसरीत गायब. झालं असं, की त्या कन्सोलच्या स्वतःच्या साउंड चिपला पाचच चॅनेल होते, म्हणजे एका वेळी पाचच आवाज, दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज आणि एक छोट्या सॅम्पलसाठी. कोनामीने जपानी कार्ट्रिजमध्येच व्हीआरसी६ नावाची जास्तीची चिप बसवली, त्यातून अजून दोन पल्स आणि एक सॉटूथ असे तीन चॅनेल मिळाले. अमेरिकन एनईएसचा कार्ट्रिज स्लॉट वेगळा, कार्ट्रिजमधून कन्सोलकडे आवाज पाठवायची जपानी मशीनसारखी सोय तिथे नव्हती, मग कोणीतरी बसून ते आठ चॅनेलचं म्युझिक पाचात बसवलं. आता पुन्हा ऐका आणि फक्त बेसकडे लक्ष द्या... कळतंय ना? काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवावं लागलंय तिथे.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की पोर्ट, म्हणजे एका मशीनवरचा गेम दुसऱ्या मशीनवर आणणं, ही नुसती कॉपी नसते, दर वेळी कोणीतरी गेम नव्याने मांडत असतं. आणि तयार गेममध्ये बदल करणारे मॉडवाले, जुनी चाल नव्याने रचणारे रिमिक्सवालेही तेच काम करतात, त्यामुळे त्यांच्या कामाकडेही आपण तेवढ्याच गांभीर्याने बघितलं पाहिजे. युरोपातल्या लोकांना तर त्याच गेमचा वेगही वेगळा मिळाला, टीव्ही ५० हर्ट्झचे आणि गेम ६० हर्ट्झसाठी लिहिलेले, त्यामुळे कित्येक गेम सहाव्या हिश्शाने हळू चालायचे आणि बऱ्याच गेममध्ये म्युझिकसुद्धा संथ व्हायचं.

आता डूमकडे येतो, राक्षसांना गोळ्या घालत फिरायचा तो पीसी गेम, कारण यात सगळंच एका जागी सापडतं. डिसेंबर १९९३. पीसीवरच्या डूमचं म्युझिक संगीतकार बॉबी प्रिन्सचं, पण ते रेकॉर्डिंग नव्हतं, फाइलमध्ये फक्त कुठला स्वर कधी आणि कुठल्या वाद्यावर वाजवायचा एवढंच लिहिलेलं, प्रत्यक्ष आवाज तुमच्या साउंड कार्डाने काढायचा. साउंड ब्लास्टर कार्डावर तो एफएम सिंथचा, म्हणजे चिपने कृत्रिमपणे तयार केलेला, खरखरीत आवाज यायचा, आणि ज्यांच्याकडे रोलँडचं साउंड कॅनव्हास हे साउंड मॉड्यूल होतं त्यांना तीच गिटार बरीच खऱ्यासारखी ऐकू यायची. म्हणजे ओरिजिनल म्युझिक कुठलं, हा प्रश्न पोर्ट यायच्या आधीपासूनच आहे!

मग पोर्ट आले. १९९४चं अटारी जॅग्वार व्हर्जन स्वतः डूमचा मुख्य प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याने केलं आणि त्यात लेव्हल चालू असताना म्युझिकच नाही, कारण ज्या डीएसपी चिपवर ते वाजवायचं तोच गेमच्या गणितात गुंतलेला. पण त्या शांततेत मागून येणाऱ्या राक्षसाची गुरगुर जी काही अंगावर येते! पुढच्या वर्षी प्लेस्टेशनवर संगीतकार ऑब्री हॉजेसने मेटल बाजूलाच ठेवलं आणि नुसते घुमणारे, कुजबुजणारे आवाज लावले, तो गेम अॅक्शनचा राहिलाच नाही, हॉररचा झाला. मला विचाराल तर डूमच्या सगळ्या व्हर्जनमध्ये सगळ्यात धाडसी निर्णय हाच. आणि ३डीओ या कन्सोलचं व्हर्जन, ते बिचारं फार अडखळत चालतं, रेबेका हाइनमनने एकटीने साधारण दहा आठवड्यांत उभं केलेलं, म्युझिक वाजवणारा कोड पोर्ट करायला वेळच नव्हता, मग खऱ्या बँडकडून ट्रॅक नव्याने वाजवून घेतले आणि सीडीवरून थेट सोडले. लोक आजही ते व्हर्जन त्या गिटारसाठी ऐकतात. म्हणजे वेळ नव्हता म्हणून जे केलं तेच सगळ्यात जास्त टिकलं.

मॉडिंगची गोष्ट त्याच गेमच्या रचनेतून सुरू होते. डूमचा प्रोग्रॅम वेगळा आणि नकाशे, चित्रं, आवाज, म्युझिक हे सगळं वॅड फाइलमध्ये वेगळं, आणि हे मुद्दाम केलेलं, लोकांना बदल करता यावेत म्हणून. काही आठवड्यांत फॅन्सनी एडिटर तयार केले, १९९४ संपायच्या आत एलियन्सच्या जगावर आख्खा गेम पालटून टाकणारा मॉड आला, आणि १९९६च्या फायनल डूममधलं टीएनटी तर फॅन टीमने बनवलेलं, ते डूम बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरने विकत घेऊन अधिकृत केलं.

१९९७ च्या शेवटी कारमॅकने डूमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ कोड, खुला केला. पण त्यात एक भोक होतं. डॉस व्हर्जनमधली साउंड लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची, ती देता येत नव्हती, म्हणून जो कोड बाहेर आला तो लिनक्सचा. म्हणजे सगळं मिळालं आणि नेमका आवाज वाजवणारा भागच नाही. पुढे चॉकलेट डूमसारखे सोर्स पोर्ट, म्हणजे त्या खुल्या कोडवरून नवे पोर्ट, करणाऱ्यांनी जुना गेम ऐकून, तपासून ती लायब्ररी कशी वागायची ते शोधून काढलं, सॉफ्टवेअरमध्ये त्या एफएम चिपची नक्कल उभी केली. या लोकांचा आग्रह एवढा की मूळ गेममधले बगसुद्धा जसेच्या तसे ठेवायचे, कारण जुने मॉड आणि जुने डेमो, म्हणजे खेळाच्या रेकॉर्ड केलेल्या नोंदी, त्या बगवर अवलंबून असतात. जतन करणं म्हणतात ते हे.

आणि कंपन्यांकडे सगळं जपून ठेवलेलं असतं असं समजू नका. कोनामीच्या सायलेंट हिल या हॉरर गेमचं २०१२चं एचडी कलेक्शन अर्धवट अवस्थेतल्या कोडवरून करावं लागलं, कारण कंपनीकडे फायनल कोडच उरला नव्हता. त्यात धुकं बिघडलं, आवाज बिघडले. सायलेंट हिल २ चं जुनं पीसी व्हर्जन नीट करून आजच्या मशीनवर चालवून दाखवलं ते फॅन्सनी.

रिमिक्सबद्दल बोलताना सॉनिक सीडी सोडून चालणारच नाही. १९९३चा सेगाचा गेम, जपान-युरोपात एक म्युझिक आणि अमेरिकेत दुसरंच, नव्याने केलेलं. पण गेममध्ये काळात मागे-पुढे जाता येतं, आणि भूतकाळातल्या लेव्हलचं म्युझिक सीडीच्या ट्रॅकवर नव्हतं, ते कन्सोलच्या चिपवर वाजायचं, म्हणून अमेरिकन व्हर्जनमध्येही ते बदललंच नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या मुलांनी वर्तमानकाळात एक चाल ऐकली आणि भूतकाळात गेल्यावर अचानक दुसऱ्याच संगीतकारांची, पूर्ण वेगळ्या मूडची. तांत्रिक कारणामुळे झालेला हा जोड, पण ज्यांनी तो लहानपणी ऐकला त्यांच्यासाठी सॉनिक सीडी म्हणजे तेच.

२००९ मध्ये ख्रिश्चन व्हाइटहेड नावाच्या फॅनने हा गेम आयफोनवर चालतोय असा डेमो दाखवला, स्वतःच्या इंजिनवर. सेगाने त्यालाच काम दिलं, २०११ मध्ये पोर्ट आला, त्यात दोन्ही साउंडट्रॅकमधून हवा तो निवडता येतो. आणि २०१७ मध्ये सॉनिक मेनिया आला, व्हाइटहेड आणि इतर फॅन डेव्हलपर्सचा, म्युझिक टी लोपेसचं, जो आधी सॉनिकचे रिमिक्स करून ऑनलाइन टाकायचा. त्याची नवी गाणी ऐकताना जाणवतं की जुन्या चिप, जुने ड्रम, ठेका कुठे तोडायचा हे सगळं या माणसाने वर्षानुवर्षं कान देऊन ऐकलंय. असंच २००८ मध्ये सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बोच्या एचडी रिमिक्सचं म्युझिक ओव्हरक्लॉक्ड रीमिक्सच्या फॅन मंडळींनी केलं.

सगळीकडे असं होत नाही. निन्टेन्डोच्या मेट्रॉइड २ चा एएम२आर हा फॅन रिमेक ऑगस्ट २०१६ मध्ये आला आणि काही दिवसांतच निन्टेन्डोने तो काढायला लावला. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण वर्षानुवर्षं राबून केलेलं, फुकट दिलेलं काम होतं ते. म्हणूनच बरेच मॉडर आणि फॅन भाषांतर करणारे आख्खा गेम देत नाहीत, फक्त फरक असलेली पॅच फाइल देतात, गेम ज्याचा त्याने आणायचा. मदर ३ या जपानी गेमचं २००८चं इंग्रजी भाषांतर असंच आलं.

तर ज्यांना मॉड किंवा रिमिक्स करायचाय त्यांच्यासाठी एकच मागणं आहे. डूमचे वॅड अपलोड करताना सोबत एक टेक्स्ट फाइल द्यायची पद्धत पडली, त्यात नाव, लेखक, कुठला एडिटर वापरला, माहीत असलेले बग, आणि खाली एक ओळ की या लेव्हलवर दुसऱ्यांनी पुढे काम केलं तर चालेल का नाही. तुम्हीही तशी फाइल लिहा, गेमचं कुठलं व्हर्जन घेतलं, कुठल्या चिपचे आवाज वापरले, कोणाची चाल आहे ते स्पष्ट टाका, आणि शक्य असेल तर त्या शेवटच्या ओळीत 'चालेल' असं लिहा.