शेप्या तोडला तेव्हा

(गावातल्या वाचनालयात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, तुमच्यापुढे हापूसवर बोलणं म्हणजे आजोळी जाऊन आजीला लोणचं घालायला शिकवणं. तुडतुडे, करपा, गर आतून पांढरट-आंबट ठेवणारा साका, वाशीच्या बाजारातला दर, सगळं तुम्ही दरवर्षी सोसता. तेव्हा आज हापूस बाजूला ठेवतो आणि रायवळाबद्दल, म्हणजे कोयीतून उगवलेल्या गावठी आंब्याबद्दल बोलतो.

आमच्या परसात विहिरीपाशी एक रायवळ होता. त्याच्या पिकल्या आंब्याला शेपूसारखा वास यायचा, म्हणून त्याचं नाव शेप्या. आम्ही पोरं नाक मुरडायचो. पण त्याच्या कैरीचं लोणचं पुढच्या मिरगापर्यंत करकरीत राहायचं. आजी लोणच्याला दुसरी कैरी घेतच नसे. पुढे वडिलांनी तिथे हापूसची चार कलमं लावायची ठरवली आणि शेप्या तोडला. तोडताना कोणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. आजीनं तेवढं विचारलं, "आता लोणचं कशाचं घालू?"

परड्याच्या कडेला शेप्याच्याच कोयीचं एक रोप उगवलं होतं. ते आम्ही वाढवलं. बऱ्याच वर्षांनी धरलं, तर आंबा नुसता आंबट. शेपूचा वास नाही, कैरी मऊ. असं होणारच. मोहोरावर माशी कुठल्या झाडावरून येऊन बसली याची आपल्याला काय खबर? कोयीत आईबरोबर बापाचाही वाटा असतो. म्हणून प्रत्येक रायवळ एकुलता एक. झाड गेलं की ती चव गेली.

हापूस तरी काय? तोही कधीतरी एकच झाड असणार. नाव पोर्तुगीज अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलं, आणि तो टिकला तो कलमांमुळे. रत्नागिरी-देवगडच्या कातळात सुरुंग लावून, खड्ड्यात माती भरून लोकांनी कलमं जगवली. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकनानं साका थांबत नाही! वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' काढला, त्यात साका नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून पातळ कोयीचा 'सिंधू'. लोणच्यासाठी 'कोकण रुची'. म्हणजे नवं काही घडवायचं तर हापूसलाही जोडीदार लागतो. सगळ्या परड्यांत एकच आंबा लावून बसलो, तर तो आणायचा कुठून?

आणि घरात बघा. आंबोशी कशाची? रायतं कशाचं? उन्हात ताटावर घालायच्या साठाचा रस कुठला? हापूस पेटीत जातो, घर रायवळावर चालतं.

म्हणून हे रोप घेऊन आलोय. पुढच्यांनी जरा बघा, मग मागे द्या. कोय रुजून पंधरा दिवस झालेत, पानं अजून तांबूस आहेत. शेंडा असा उडवायचा, कोयीपासून चार बोटं खोड ठेवायचं. मधोमध दोन बोटं उभी चीर. आता ही काडी, जो आंबा जपायचा त्याच्या झाडाची, तीन-चार महिन्यांची, डोळा फुगलेला. हिची पानं आठ-दहा दिवसांपूर्वीच देठ ठेवून छाटली होती. खालच्या टोकाला पाचरीसारखा दोन्हीकडून तास द्यायचा. सुरी धारदार हवी, विळ्यानं करू नका. पाचर चिरेत बसवायची, निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे, आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट आवळायचं. हेच कोय कलम. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असते, तेव्हा ते चांगलं धरतं.

मघाशी मागून कोणीतरी म्हणालं की खोताच्या वाडीतला शेंद्र्या रायवळ यंदा रस्त्यात जाणार. त्याच्या काड्या कोण आणून देतो? रोपं माझ्याकडे वीस आहेत.