वहीचा समास

[दृश्य : वरून कॅमेरा. टेबलावर कात्री, खळीची वाटी, दोन फोटो. एक हात आत येतो.]

हा माझ्या आजीचा हात. अंगठा आणि मधलं बोट, आणि मध्ये माळेचा एक मणी. फोटो कृष्णधवल आहे, कडा पिवळ्या पडल्यात. आणि हा माझा हात. इथेही अंगठाच हलतोय, फक्त खाली फोनची काच आहे.

इतिहास, श्रद्धा, आजचं जग आणि त्यात मी, असं कोलाज करायला बसले तेव्हा सगळ्यात आधी हे दोन फोटो शेजारी ठेवले. वाटलं, झालंच की! इतिहास आला, श्रद्धा आली, आजचं जगही आलं. न चिकटवता रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पाहिलं तर ते चित्र मला रागावत होतं : तेव्हाची माणसं बघ आणि तू बघ. त्यात आजी पवित्र झाली होती आणि मी भरकटलेली. आजीला मी ओळखते. ती इतकी सोपी नव्हती.

जुनं एका बाजूला, नवं दुसऱ्या बाजूला, मध्ये एक सरळ रेघ. या विषयावरची बहुतेक कोलाजं इथेच अडकतात. माझंही अडकलं होतं.

[दृश्य : कात्री कागदातून जाते. फक्त तिचा आवाज.]

‘कोलाज’ हा शब्द ‘चिकटवणं’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. 1912 साली पिकासोने एका लंबगोल चित्रात वेताच्या खुर्चीचं विणकाम आणलं. ते रंगवलं नाही, तशी छपाई असलेलं मेणकापड सरळ चिकटवलं आणि कडेने खरा दोर गुंडाळला. म्हणजे दोर खरा, वेत छापील आणि बाकीचं रंगवलेलं. तीन प्रकारचं खरेपण एकाच चौकटीत. माझ्यासमोरही तसंच पडलं होतं : फोटो, हस्ताक्षर आणि मी स्वतः काढलेल्या रेघा. यातलं प्रत्येक वेगळ्या तऱ्हेने खरं बोलतं.

पण कोलाजमध्ये ‘मी’ कुठे बसायचं, हे मला हाना ह्योख या जर्मन चित्रकर्तीकडून कळलं. 1919-20 मध्ये बर्लिनमध्ये तिने मासिकांतली कात्रणं घेऊन एक मोठं फोटोमाँटाज, म्हणजे छापील फोटोंचं कोलाज, केलं. पुढारी, यंत्रं, नर्तकी, चाकं, नुकत्याच संपलेल्या महायुद्धाचा सगळा कोलाहल. उजव्या खालच्या कोपऱ्यात युरोपचा एक छोटा नकाशा आहे. ज्या देशांत स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला, ते देश त्यात दाखवलेत. आणि त्या नकाशाच्या कडेला तिने स्वतःचा चेहरा लावलाय. अगदी लहान, शोधावा लागतो. एवढ्या गदारोळात स्वतःला किती जागा द्यायची आणि कशाच्या शेजारी बसायचं, हे तिने नेमकं ठरवलं होतं. मी मात्र माझा हात आजीच्या हाताएवढाच मोठा ठेवला होता.

[दृश्य : एक जुनी वही. पानं हळूहळू उलटली जातात.]

ही आजीची वही. हिच्यात ती प्रार्थना उतरवून ठेवायची. हे पान कोलाजमध्ये हवं होतं, पण कात्री उचलली आणि हात थांबला. तिने जे रोज म्हटलं, ते मी कापणार?

हा संकोच मला मोलाचा वाटतो, त्याला घाईने बाजूला सारू नये. ज्यू परंपरेत देवाचं नाव लिहिलेला कागद टाकून देत नाहीत. कैरोमधल्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, असे कागद शतकानुशतकं एका कोठीत साठत गेले. 1896-97 मध्ये सॉलोमन शेक्टर या अभ्यासकाने त्यातले सुमारे 1,93,000 तुकडे केंब्रिजला नेले. त्यात धर्मग्रंथ होतेच, पण व्यापाऱ्यांची पत्रं होती, लग्नाचे करार होते, मुलांनी गिरवलेली अक्षरंही होती. पवित्र कागद जपता जपता अख्खं रोजचं जगणं जपलं गेलं.

मी मूळ पान कापलं नाही. त्याची प्रत काढली. असं कोलाज करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन : मूळ कागद डब्यात ठेवा, कात्री प्रतीला लावा. यात श्रद्धेचा भाग आहे, तसा रसायनाचाही आहे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे तो उजेडात पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. आजकालच्या पावत्या तर उष्णतेने उमटवलेल्या असतात, त्यावरची अक्षरं काही वर्षांत पुसट होतात. आपल्या काळाचा पुरावा सगळ्यात आधी नाहीसा होणार आहे.

[दृश्य : वहीच्या पानाची प्रत दिव्यासमोर. मागची अक्षरं आरपार दिसतात.]

प्रत काढताना पान काचेवर उलटं पडलं आणि मागचं लिखाण पुढे झिरपलेलं दिसलं. तेव्हा मला प्राचीन ग्रीक गणिती आर्किमिडीजची पोथी आठवली.

10व्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल) कुणीतरी आर्किमिडीजचं गणित चर्मपत्रावर उतरवलं. पुढे चर्मपत्राची गरज पडली. ती पानं सुटी केली, खरवडली, आडवी फिरवून दुमडली आणि त्यावर ख्रिस्ती प्रार्थना लिहिल्या. ते काम 1229 साली पुरं झालं. 1906 मध्ये हायबर्ग नावाच्या अभ्यासकाने प्रार्थनांच्या ओळींखाली गणित ओळखलं. त्यानंतर काही पानांवर कुणीतरी जुनी भासावीत अशी सोनेरी चित्रं रंगवली, म्हणजे आणखी एक थर. शेवटी 2005 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला क्ष-किरणांनी मूळ शाईतलं लोह शोधलं आणि चित्राखालची अक्षरं पुन्हा वाचता आली. आर्किमिडीजच्या एका ग्रंथाची जगातली एकमेव ज्ञात ग्रीक प्रत याच पानांत आहे.

प्रार्थनेने गणित पुसलं, असं म्हणता येईल. पण प्रार्थनेचं पुस्तक म्हणून लोकांनी ते शतकानुशतकं सांभाळलं, हेही तितकंच खरं. मला हे दुसरं जास्त भिडतं.

मग मी आजीची वही पुन्हा उघडली. आता प्रार्थना सोडून समास पाहिला.

[दृश्य : समासाचा क्लोजअप. पेन्सिलीतले आकडे.]

समासात टेलिफोन नंबर होते. गोळ्यांच्या वेळा होत्या. दवाखान्याची तारीख होती, एका गाडीची सुटायची वेळ होती. हे सगळं प्रार्थनेच्या ओळींना खेटून लिहिलेलं, एका ठिकाणी तर दोन ओळींच्या मधल्या फटीत. इतिहास, श्रद्धा आणि आजचं जग असे जे तीन ढीग मी वेगळे करून बसले होते, ते तिच्याकडे कधी वेगळे नव्हतेच.

कोलाज पुन्हा पहिल्यापासून मांडलं. यावेळी रोमेर बेअर्डन या अमेरिकन चित्रकाराची 1964 सालची कोलाजं डोळ्यांसमोर होती. त्याच्याकडे बाप्तिस्म्याचा ख्रिस्ती विधी, आफ्रिकी मुखवटे आणि आगगाडी एकाच चित्रात नांदतात. त्यातलं काहीच दुसऱ्याला खोटं पाडत नाही.

सांध्याचा प्रश्न मात्र उरला. कात्रीची कड फार ठाम असते. इकडचं इकडे, तिकडचं तिकडे. 12व्या शतकाच्या सुरुवातीला जपानमध्ये काव्यसंग्रहांसाठी रंगीत कागदांचे तुकडे जोडून पानं बनवत. तिथे सांधा तीन तऱ्हांनी साधायचे : कापून, फाडून, आणि छटांचे थर सरकवत नेऊन. मी फाडायचं ठरवलं. फाडलेल्या कडेला कागदाचे पांढरे तंतू दिसतात, आणि ते शेजारच्या कागदावर जरा पसरतात.

[दृश्य : बोटं कागद फाडतात. ब्रशने खळ लावली जाते.]

खळ पातळ हवी. ओल्या कागदाचे तंतू फुगतात, म्हणून लावल्यावर मिनिटभर थांबायचं, कागदाला पसरू द्यायचं, मगच ठेवायचा. मधून कडेकडे दाबत जायचं. वर टीपकागद, त्यावर फळी, फळीवर जाड पुस्तकं.

आजीचा हात वर डावीकडे आहे. माळ तिच्या बोटांतून निघते, वहीच्या पानाखाली जाते आणि समासापाशी पुन्हा बाहेर येते. फोन धरलेला माझा हात मी काढून टाकला.

[दृश्य : दुसरा दिवस. फळी उचलली जाते. कॅमेरा हळूहळू समासाकडे.]

समासातला हा तिसरा नंबर. मी पहिला मोबाईल घेतला तेव्हाचा, आता बंद आहे. तिने तो दोनदा लिहिलाय. एकदा शेवटचे दोन आकडे उलटसुलट झाले, ते खोडलेत. मग खाली, सावकाश, मोठ्या अक्षरात, पुन्हा.

[दृश्य : आकड्यांवर कॅमेरा स्थिर. आवाज नाही.]