‘सांगून ठेवलं होतं न!’ : दसरा-दिवाळीत वाचनालयात काय असतं, अन् तुमचं पुस्तक का येत नाही

नमस्कार मंडळी! आवाज बरोबर येऊन राहिला न? मागच्या आवारात हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, लागला आहे, सोयाबीन काढणं चालू आहे, त्यामुळं मधेमधे धडधड ऐकू येईल. कुटार, म्हणजे भुसा, उडून पुस्तकांवर बसते म्हणून खिडक्या लावून घेतल्या. पंखा लावला तर माईकमध्ये घरघर येते. तर आज घाम पुसत पुसत बोलतो, सांभाळून घ्या.

नवीन आलेल्यांसाठी : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात ग्रंथपाल आहे. सरकार वाचनालयांचे अ ते ड वर्ग पाडते, आमचं ‘क’ वर्गाचं. म्हणजे मी, एक शिपाई भाऊ, अन् पुस्तकांच्या कपाटामागं राहणारी एक मांजर. गेले पंधरा दिवस कमेंटमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर, पानठेल्यावरसुद्धा एकच विचारून राहिले लोक : भाऊ, आता सणासुदीत वाचनालयात काय काय आहे, एकदा व्हिडिओ टाकून द्या. घ्या, टाकला.

सोपं ते आधी उरकतो. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास. सध्या सोंगणीचे दिवस आहेत, लोक वावरातून उशिरा येतात, म्हणून संध्याकाळची वेळ एक तास पुढं सरकवली. पेपर वाचायला पैसे लागत नाहीत, सभासद असायचीही गरज नाही. या, बसा, वाचा. पुस्तक घरी न्यायचं तर वर्गणी अन् अनामत. अनामत म्हणजे ठेव, सभासदत्व सोडलं की परत. हे सगळं दारावरच्या पाटीवर लिहिलं आहे, तरी दर व्हिडिओखाली विचारता. असो.

आता माझं दुखणं. आज कार्यक्रम सांगायला बसलो आहे खरा, पण मधेमधे मी या एकाच गोष्टीवर येणार आहे, आधीच सांगून ठेवतो. अन् ते दुखणं म्हणजे हेच वाक्य, ‘सांगून ठेवतो’.

(वही कॅमेऱ्यासमोर धरतो.)

ही मागणीवही. पुठ्ठ्याची, दोनशे पानी, सुतळीनं पेन बांधलेला. पेन बांधला आहे कारण आधीचे चार गेले. तुम्हाला हवं ते पुस्तक आमच्याकडे नसलं तर या वहीत लिहायचं. बस. एवढंच काम आहे. पण लोक काय करतात? कपाटाकडं बघतात, ‘नाही दिसत बा’ म्हणतात, अन् जाता जाता मला सांगतात, ‘मागवून ठेवजा.’ दोन महिन्यांनी येतात, ‘आलं का?’ मी विचारतो, कोणतं? ‘अरे, सांगून ठेवलं होतं न!’

बरं, जे लिहितात त्यांचंही ऐका. हे बघा, मागच्या महिन्याचं पान. ‘लाल कव्हरचं, जाड.’ ‘पोलीस भरती.’ ‘टीव्हीवर त्या बाईनं सांगितलं ते.’ एकानं तर लिहिलं, ‘चांगलं पुस्तक’. अक्षर सुंदर आहे हो त्याचं, पण मी दुकानदाराला काय सांगू? एक किलो चांगलं पुस्तक द्या?

पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, तुमचा सभासद क्रमांक अन् तारीख. परीक्षेचं असलं तर कितवी आवृत्ती तेही. लेखक माहीत नसला तर मोबाईलवर मुखपृष्ठाचा फोटो दाखवा, मी लिहून घेतो. पण लिहा.

चला, आता कार्यक्रमाकडं.

दसऱ्याला आपल्या भागातून दीक्षाभूमीला किती गाड्या जातात, हे मी काय सांगू. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली अन् दिली. तो विजयादशमीचा दिवस होता, त्यामुळं लोक तिथीनंही जातात. तिथं पुस्तकांचे जे ठेले लागतात, तसा बाजार मी दुसरीकडं पाहिला नाही. डोक्यावर शिदोरीचं गाठोडं अन् हातात पुस्तकांची पिशवी घेऊन परत निघालेल्या मावश्या बघायच्या असतील तर त्या रात्री बसस्टँडवर उभं राहा. मीही दरवर्षी जातो अन् वाचनालयाची थोडी खरेदी तिथंच करतो. खिशात या वहीची यादी.

एका वर्षी यादीत होतं : ‘बाबासाहेबांचा खंड’. झालं! शासनानं छापलेले लेखन आणि भाषणांचे खंड वीसच्या वर आहेत. कोणता? लिहिणारे काकाजी, त्यांचा फोन लागेना. मी अंदाजानं एक उचलला. घरी आणल्यावर त्यांनी उघडला, पान उलटलं, परत उलटलं, अन् माझ्याकडं बघून म्हणाले, ‘बाप्पा, हे तर इंग्रजीत आहे.’ बहुतेक खंड इंग्रजीतच आहेत! मराठी भाषणं, लेख हवे असतील तर अठरा, एकोणीस, वीस हे खंड बघायचे, त्यातला अठरावा तीन भागांत आहे. काकाजींना हवी होती मराठी भाषणं. वहीत ‘खंड १८, भाग २’ एवढं असतं तर माझी एक खेप अन् त्यांचं एक वर्ष वाचलं असतं. यंदा यादी दसऱ्याच्या चार दिवस आधी बंद होईल. त्याच्या आत लिहा.

मधेच एक कमेंट घेतो. पुण्याहून एक ताई नेहमी व्हिडिओ बघतात, त्यांनी लिहिलं, ‘पुस्तक भेटत नाही, मिळतं. भेटतात ती माणसं.’ ताई, तुमचं व्याकरण बरोबर आहे. पण आमच्याकडे पुस्तक भेटतेच. दोन महिने वाट पाहून, वहीत लिहून, एसटीच्या टपावरून आलेलं पुस्तक हातात पडलं की ते माणसासारखंच भेटते. तुम्ही या एकदा, तुम्हालाही भेटेल.

दुसरी कमेंट जरा तिखट आहे : ‘सरकार एवढं अनुदान देते, मग पाहिजे ते पुस्तक का नाही?’ आता हे नीट ऐका. आपल्या राज्याचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. काही राज्यांत ग्रंथालयासाठी लोकांकडून वेगळा उपकर, म्हणजे जादा कर, घेतात, आपल्याकडे तो नाही. वर्गानुसार अनुदान येते. २०२२ मध्ये त्यात साठ टक्के वाढ करायचं ठरलं, नाही म्हणत नाही. पण अर्धं वेतनाचं, अर्धं वेतनेतर, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चाचं, अन् त्या वेतनेतरमधून भाडं, लाइट बिल, पेपरचं बिल, बाइंडिंग, सगळं. उरेल त्यात पुस्तकं. अन् अनुदान एकदम येत नाही, तुकड्या-तुकड्यानं येते. म्हणजे माझ्याकडे वर्षातून एक-दोनदाच पुस्तकांचं बिल फाडायची संधी येते. त्या दिवशी जे वहीत असेल ते येते. जे माझ्या डोक्यात असेल ते… माझ्या डोक्यात सध्या सोयाबीनचा भाव आहे.

आता माझी स्वतःची फजिती. तलाठी परीक्षेची तयारी करणारी एक पोरगी, आमच्या अभ्यासिकेत रोज येणारी. एकदा एसटी स्टँडवर भेटली, म्हणाली, ‘दादा, व्याकरणाचं अमुक पुस्तक मागवता का?’ मी मान हलवली. ‘हो हो, मागवतो.’ गाडी आली, मी बसलो, विसरलो. पुढच्या आठवड्यात बिल फाटलं. महिन्यानं ती काउंटरवर उभी. काही बोलली नाही, फक्त विचारलं, ‘नाही आलं न दादा?’ पुढचा हप्ता येईपर्यंत तिची परीक्षा होऊन गेली. मी तिला माझ्या पुतण्याचं जुनं पुस्तक दिलं, त्यातली अर्धी पानं त्यानं पेनानं रंगवलेली.

चूक माझी होती. पण बघा, तिनं वहीत लिहिलं असतं तर तिला वही उघडून मला दाखवता आलं असतं : ही तारीख, हे माझं अक्षर, आता सांगा. शिवाय ही वही कार्यकारी मंडळाच्या बैठकीत टेबलावर ठेवतात. अध्यक्ष पानं उलटतात, विचारतात, हे का नाही आणलं? वही तुमच्या हातातली आहे हो, माझ्यावर वचक ठेवायला. तोंडी सांगितलेल्याचा मला काही धाक नाही.

१५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन, कलामसाहेबांचा वाढदिवस. शाळेची पोरं रांगेनं येतात, एक तास वाचतात, फोटो होतो. मी त्या फोटोच्या विरोधात नाही, पण यंदा थोडं बदललं आहे. पोरांनी वाचायचं नाही, ऐकवायचं. प्रत्येकानं घरून एक म्हातारं माणूस आणायचं अन् त्याला दहा मिनिटं वाचून दाखवायचं. मागं एकदा सहजच एका आजीनं नातवाकडून पूर्ण गोष्ट ऐकली अन् नातवाला म्हणाली, ‘तू तर सरळ वाचतेस रे, मले वाटलं तुले येत नाही.’ पोरगं दिवसभर फुगून फिरत होतं.

कोजागिरीला भुलाबाई, म्हणजे पोरींचा गाण्यांचा सण. आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर बसतात भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकर, कोजागिरीला समारोप. वाचनालयाच्या अंगणात पोरी येणार, टिपऱ्या वाजणार, डबा हलवून खिरापत ओळखायची. दोन वर्षांपासून एक काम चालू आहे : पोरींनी आपापल्या आजीकडून गाणी उतरवून आणायची. अन् काय गंमत, एकच गाणं, पण वरच्या आळीत एक ओळ, खालच्या आळीत दुसरी. एका आजीच्या गाण्यात सुनेला माहेरी जाऊ देतात, दुसरीच्या गाण्यात देतच नाहीत! त्यावरून दोघींची तिथंच जुंपली. मी दोन्ही ओळी लिहून घेतल्या, खाली दोघींची नावं टाकली. ती वही आता आमच्या दाखल रजिस्टरात, म्हणजे पुस्तकांच्या नोंदवहीत, आहे, क्रमांक पडला आहे, शिक्का मारला आहे. अन् हो, आतल्या एका ठरावीक पानावर आम्ही दुसरा शिक्का मारतो, तो गुप्त पानाचा. कोणतं पान ते नाही सांगणार. पुस्तक परत करताना मुखपृष्ठ फाडून ‘हे माझं स्वतःचं आहे’ म्हणणारे वाचकही असतात, तेव्हा तोच शिक्का कामी येतो.

यंदा खिरापत ओळखणाऱ्या पोरीला एक वर्षाची वर्गणी माफ. डब्यात काय आहे ते माझ्या बायकोलाच माहीत.

आता दिवाळी अंक. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’नं दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा धरतात. आता चांगला जाड अंक अडीचशे-तीनशेच्या घरात जातो, घरी पाच-सहा घेणं परवडत नाही, म्हणून वाचनालयाची योजना : एकदा दीडशे रुपये भरा, जानेवारीअखेरपर्यंत वाचा. एका वेळी एक अंक, तीन दिवसांत परत. तीन म्हणजे तीन. ‘जावई आले होते, ते वाचत होते’ हे कारण चालणार नाही. जावयाला सभासद करा.

अन् आता परत तेच. अंकांची ऑर्डर मी दिवाळीच्या आधी देतो. विक्रेता गठ्ठा पाठवतो, तो आला तसा मी सोडून वाचायला ठेवतो. भाऊबीजेनंतर तुम्ही येऊन म्हणता, ‘तो शेतीचा अंक नाही ठेवला का?’ नाही ठेवला. वहीत शेतीच्या अंकाचं नाव एकानं लिहिलं, कथांच्या अंकाचं सात जणांनी. मी कोणता घेणार? पाच जणांनी शेतीचा लिहिला असता तर दोन प्रती आणल्या असत्या. भुईमुगाला पाणी कधी द्यायचं हे आमचे एक वाचक आबाजी दोन तास समजावून सांगतात, पण एक ओळ लिहा म्हटलं की ‘चष्मा घरी राहिला.’ आबाजी, चष्मा राहिला तर नातीला पाठवा.

लिहून ठेवलं तर अंक आल्यावर तुमचं नाव चिठ्ठीवर टाकून तो वेगळा ठेवतो. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पुढच्याला. यावरही भांडणं होतात, पण त्यात तरी दोन्ही बाजूंचं लेखी असतं.

अभ्यासिकेत वायफाय आहे का, हे सतरा जणांनी विचारलं. आहे. पण रात्री रील बघायला अभ्यासिकेत कशाला येता? घरी बघा. इथली खुर्ची भरतीवाल्या पोरांना लागते. सध्या रात्री साडेदहापर्यंत उघडी आहे, किल्ली पोरांच्याच पाळीवर असते, अन् अजून एकही खुर्ची मोडली नाही.

१४ ते २० नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह. बालदिनाला लहान पोरांना कपाटं उघडी, हात लावू द्यायचा, सांडू द्यायचं. बाकी दिवसांचा कार्यक्रम अजून ठरायचा आहे. एक दिवस जुनी पुस्तकं शिवायला शिकवायचं डोक्यात आहे; सुई-दोरा अन् खळ मी देतो, कोणाकडे चांगला दाभण असेल तर घेऊन या. तेव्हा कापसाची वेचणीही चालू असेल, त्यामुळं सकाळी कोणी येणार नाही, हे गृहीत धरून वेळ संध्याकाळची ठेवतो.

हडंबा थांबला वाटते. ऐकलं का? म्हणजे त्यांची जेवणाची सुट्टी झाली, अन् आता माझ्या सोयाबीनचा नंबर आहे. कमेंटमध्ये पुस्तकांची नावं टाकू नका, मी वाचतो पण तिथून मागवत नाही. वही काउंटरवर डाव्या हाताला आहे, पेन बांधलेला आहे.